दारातली सासू

किसुमूजवळच्या गावात तरुण सुनांच्या तब्येतीची पाहणी करणाऱ्या आवुओरला सासूचा संशय आला. कोवळी आपियो प्रत्येक प्रश्नाला आधी दाराकडे बघायची, मग म्हणायची, “सगळं ठीक आहे.” दारात सासू शेंगा सोलत ठाण मांडून बसली होती.

“आई, थोडा वेळ बाहेर बसाल? मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय.”

“नाही.”

म्हातारी सुनेचं तोंड बंद ठेवायलाच बसली आहे, याची आवुओरला खात्री पटली. आवुओर जायला उठली.

तशी सासू खालच्या आवाजात म्हणाली, “मी उठले, तर माझा मुलगा इथे येऊन बसेल. मी आहे तोवर तो आत पाऊल टाकणार नाही. विचार काय विचारायचंय ते.”

आपियोने बाही वर सरकवली. हात कोपरापर्यंत काळानिळा पडला होता.