फोटो काढणारा

"आन् धर्मा कथा शे?" शांतीबाईनं मोबाईलमधल्या फोटोंत कमलबाईच्या लेकाला शोधत विचारलं. "बठ्ठा फोटोमा तुम्ही दोन्हीच."

"तो कसा दिसी? फोटो तोच काढी ऱ्हायना व्हता ना," असं म्हणून कमलबाईनं बोटानं पुढचा फोटो ओढला.

सकाळची कामं उरकून गल्लीतल्या बाया कमलबाईच्या ओट्यावर जमल्या होत्या. सारंगखेड्यातून अमेरिकेला जाऊन आलेलं हे पहिलंच जोडपं नव्हे, पण या गल्लीतलं पहिलं. पलीकडे नवलआबा पपईच्या मळ्यातली ठिबकची नळी साफ करत बसले होते. बायकोचं बोलणं कानावर पडलं तशी त्यांनी नळीत घातलेली तार उगाचच जोरात ओढली. खोटं बोलण्याची त्यांना भारी चीड. सरळ सांगून टाक, पोराला सुटी मिळाली नाही, त्यात लाजायचं काय, असं त्यांनी तिला परोपरीनं सांगून पाहिलं होतं. ती ऐकत नव्हती.

खरं एवढंच होतं, की धर्मेंद्रनं पहाटे दोघांना टुरिस्ट बसमध्ये बसवून दिलं. आई-आबांना आपण स्वतः फिरवणार असं तो वर्षानुवर्षं म्हणत आला होता. आयत्या वेळी ऑफिसनं सुटी रद्द केली. सुनेनं, शीलानं पोळ्यांचा डबा हातात दिला, लेक खिडकीखाली उभा राहून सॉरी सॉरी म्हणत राहिला आणि बस निघाली. पुढचे द्राक्षांचे मळे, समुद्रकाठचं ते चढउताराचं शहर, सगळं दोघांनी परक्या माणसांत बसून पाहिलं. बसमध्ये बार्डोलीच्या जशीबेन भेटल्या म्हणून निदान गुजरातीतून चार शब्द तरी बोलता आले. फोटोही त्यांनीच काढले.

पण गावात परत आल्या दिवशी शांतीबाईनं विचारलं, लेक संगे फिरना का? आणि कमलबाईच्या तोंडून "हां" निघून गेलं. एकदा निघालं ते निघालं. आता धर्मानं आईला चढावर हात धरून नेलं होतं, धुक्यात गारठली म्हणून स्वतःचं जाकीट दिलं होतं. जाकीट खरं तर आबांचं होतं. सांगता सांगता तिचा चेहरा असा उजळायचा, की आबांना तिला अडवणं जीवावर यायचं.

आताही ती रंगात आली होती. द्राक्षांची दारू करतात तिथं म्हणे पेल्यात दोन बोटं ओततात, पेला हलवतात, वास घेतात, घोट घेतात आणि बादलीत थुंकून टाकतात. बायांतल्या कोकिळाला ते काही पटेना. थुंकायचीच तर प्यायची कशाला, असं तिनं विचारलं आणि सगळ्या हसल्या. धर्मानं पिली का, हेही तिनं विचारून घेतलं. तो कसला पितो, असं कमलबाई म्हणाली. निदान एवढं खरं असावं, असं आबांना वाटलं.

मग शांतीबाईनं एका फोटोवर बोट ठेवलं. मळ्यात दोघं उभी होती, संध्याकाळचं ऊन समोरून आलं होतं, आणि दोघांच्या पायांपाशी एक लांब सावली येऊन पडली होती. फोटो काढणाऱ्याची.

"हाऊ देखा धर्मा! सापडना का नही?"

कमलबाईनं फोन आपल्या डोळ्यांजवळ नेला. हा फोटो तिनं किती वेळा पाहिला असेल, पण सावलीकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. ती बघतच राहिली.

"हां," ती म्हणाली. "तोच शे."

तेवढ्यात फोन वाजला. धर्मेंद्रचा व्हिडिओ कॉल. तिकडे रविवारची रात्र. मागचे दोन रविवार त्याचा फोन आला नव्हता आणि सकाळपासून तिनं मोबाईल हातातून खाली ठेवला नव्हता. तिचं बोट सवयीनं पुढं गेलं आणि तिथंच थांबलं. उचलला तर शांतीबाई आधी फोन हिसकावून घेणार. आईबापाला काय झकास फिरवलंस रे, म्हणणार. आणि तो भोळा पोरगा सगळ्यांदेखत सांगणार, मी कुठला, बसनं गेले दोघं.

तिनं फोन पालथा करून मांडीखाली दाबला. तो तिथंही थरथरत होता.

"कोना फोन शे वं?" शांतीबाईनं विचारलं. "उचल ना."

 कमलबाईनं नवऱ्याकडे पाहिलं.

"बँकवाला शे," नवलआबा म्हणाले. "सकायपाईन मांगे लागेल शे, कर्ज ल्या म्हनस." आणि त्यांनी परत नळीत तार घातली.

बाया हसल्या. मागायला जावं तर हेच लोक उभं करत नाहीत, असं कोकिळा म्हणाली. हसण्याच्या नादात फोन कधी थांबला ते कोणाला कळलं नाही. कमलबाईला कळलं.

बाया उठून गेल्यावर तिनं लगेच फोन लावला. बराच वेळ वाजला. परत लावला. मग मेसेज आला. तो तिनं अडखळत मोठ्यानं वाचला. "आई, झोपतोय आता. सकाळी लवकर मीटिंग आहे. पुढच्या रविवारी बोलू."

आबा हात पुसत तिच्याजवळ येऊन बसले.  मग त्यांनी कामाचंच काढलं. तो सावलीवाला फोटो पुसून टाकावा. जशीबेनच्या टोपीचा घेर त्यात साफ दिसतो, खांद्यावरची पर्ससुद्धा. उद्या कोणी मोठा करून पाहिला तर बोभाटा होईल. त्यांनी फोनसाठी हात पुढं केला.

कमलबाईनं फोन दिला नाही.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "शांतीबाईले त्यामा धर्मा दिसी गया."

आणि तो फोटो पुन्हा उघडत, "मालेबी दिसी गया व्हता. घडीभर."