चाळीस खुंट्या

केनवडच्या भूमिहीन वस्तीला वीस वर्षं भांडून ई-क्लास गायरानाचा सातबारा मिळाला. दुसऱ्याच सकाळी गयाबाई वाळल्या बाभळीची खुंटी तासून रानात पोचली. जो आधी ठोकेल त्याला चांगला तुकडा, असा तिचा हिशोब. पाहते तर चाळीस घरांच्या हातांत चाळीस खुंट्या. "पोरी, माहा तुकडा कोणता?" तिनं कागद सांभाळणाऱ्या योगिनीला विचारलं. "मावशी, तुकडे पाडाचेच नाई. जमीन वस्तीच्या संस्थेच्या नावावर हाये. वाटणी नाई, विक्री नाई. सारं रान साऱ्यायचं." "म्हंजे त्या निंबापासून नाल्यापावतर?" "हो. तुमचंच." जन्मभर लोकांच्या शेतात निंदताना गयाबाईनं पुढ्यातली आपल्या वाट्याच्या ओळींची पात तेवढी पाहिली होती. आज मान वर केली आणि नजर चालत राहिली, बांध आडवा आलाच नाही. मग तिनं तीन दगड मांडले, खुंटी मधे सारली. "आना आपापल्या. चहा ठेवते."