हात वर केल्याशिवाय

"आणि आता आपली रेडिओ!" लंबू माइकमध्ये म्हणाला, तसा सगळा सज्जा हसला.

सज्जा म्हणजे चॅपलच्या मागच्या दारावरचा लाकडी माळा. एरवी तिथे प्रार्थना गाणारी मुलं बसतात. निरोपाच्या दिवशी मात्र शाळा सोडणारा वर्ग तिथे उभा राहतो, आठवणी सांगतो आणि शेवटी शाळेचं गीत म्हणतो. गीताच्या शेवटच्या ओळीला सगळ्यांनी मिळून तीनदा पाय आपटायचे, ही जुनी रीत. चॅपलमध्ये मुलांना करू दिलेला तेवढाच काय तो दंगा. यंदा दोन्ही तुकड्यांना एकदमच निरोप होता, त्यामुळे सज्जात मुंगी शिरायला जागा नव्हती. खाली बाकांवर पालक बसले होते आणि समोर वेदीपाशी मुख्याध्यापिका सिस्टर उभ्या होत्या.

"ही पाचवीत आली ना, तेव्हा हिचं तोंड बंदच व्हायचं नाही," लंबू रंगात आला होता. "सिस्टर शिकवतायत, ही बोलतेय. प्रार्थना चाललीय, ही बोलतेय. मग एक दिवस सिस्टरनी हिच्या दातांत लाकडी पट्टी दिली. म्हणाल्या, पडली तर उद्या पुन्हा. आठवडाभर पट्टी! त्यानंतर हात वर करून परवानगी घेतल्याशिवाय रेडिओ कधी लागलाच नाही. काय गं, खरं ना?"

पालक हसले. सिस्टरही हसल्या. त्यांचा मुलांवर खरोखरच जीव होता, आणि ती पट्टी म्हणजेही जीव लावणंच, असं त्या मानत. कठड्याच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून उभी असलेली रेडिओ हसली आणि तिनं मान खाली घातली. त्या गोष्टीचं आपल्याला आता काही वाटत नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. पण जिभेवर लाकडाची चव आलीच.

मान खाली घातली म्हणूनच तिला ते दिसलं. पायाशी, सज्जाची तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे बोट जाईल एवढी फट पडली होती. मघाशी ती नव्हती. मघाशी तिथेच तर रेडिओ भिंतीला टेकून उभी होती. लंबूनं पुढचा किस्सा सांगितला, सगळे डुलत हसले, आणि फट आणखी रुंदावली. आत फिकट, नुकतंच मोडलेलं लाकूड दिसू लागलं.

तिनं कठड्यावरून वाकून पाहिलं. बरोबर खालच्या, शेवटच्या बाकावर तिची आई होती. कामावरून तशीच धावत आलेली, उशीर झाला म्हणून मागे बसलेली. तिच्या केसांवर पांढरी भुकटी पडत होती.

रेडिओनं शेजारणीला ढोसलं आणि डोळ्यांनीच फट दाखवली.

"शू! सिस्टर बघतायत," शेजारीण समोरची नजर न काढता पुटपुटली.

ओरडायला हवं होतं. तिला ते कळत होतं. पण ओरडण्याआधी तिचा हात वर गेला, आणि हात वर गेला की तोंड आपोआप मिटायचं. इतकी वर्षं तसंच होत आलं होतं. ती हात वर धरून सिस्टरांकडे बघत राहिली.

"बघा बघा!" लंबू ओरडला. "अजून हात वर करून परवानगी मागतेय!"

सज्जात हशा फुटला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, फळ्या कुरकुरल्या. सिस्टरांनी तो हात पाहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मायेनं मान हलवली, आता नको, नंतर. मग त्यांनी पेटीवाल्या सरांना खूण केली.

गीत सुरू झालं. सगळी मुलं गळ्यात गळे घालून गात होती, काही रडत होती. रेडिओ गात नव्हती. तिला भयंकर भीती वाटत होती. आई मरेल, आपण सगळेच मरू, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिनं तोंड उघडायचा प्रयत्न केला. दात एकमेकांवर घट्ट बसले होते, मध्ये काहीतरी धरून ठेवायचं असावं तसे. पायाखालची फळी हलकेच खाली गेली. हात आणखी उंच झाला. सिस्टर डोळे मिटून गात होत्या.

खाली आईनं खांद्यावरची भुकटी झटकली. ही कुठून पडतेय, म्हणून तिनं वर पाहिलं, तर कठड्याशी हात उंच करून उभी असलेली आपली लेक तिला दिसली. दिवसभराचा शिणवटा तिच्या चेहऱ्यावरून निघून गेला.

शेवटची ओळ आली. वर सगळ्यांनी पाय उचलले.

आईनंही हात उंच केला आणि लेकीकडे बघत हलवला.