बंद खोलीतल्या शिंका

बंद खोलीतून लागोपाठ दोन शिंका ऐकू आल्या.

"वाफ घे रे, बाळा!" सासूबाईंनी आरामखुर्चीतूनच हाक दिली. उत्तर आलं नाही. झाडं फुलली, गाड्यांच्या टपांवर पिवळी भुकटी साचू लागली, की दरवर्षी त्यांच्या लेकाचा आवाज बसायचा. मग तो मागच्या खोलीत स्वतःला कोंडून घ्यायचा. खिडकीच्या फटींना चिकटपट्ट्या, दाराखाली ओला टॉवेल, आणि जेवणाचं ताट बायकोने आत न्यायचं. "लग्न करून आणलंय की तुरुंगात नोकरीला लावलंय मला?" असं ती चिडवायची.

आता सून नाक पुसत रिकामं ताट घेऊन बाहेर आली. दाराला तिने हळूच बाहेरून किल्ली लावली. ताटाखाली, मुठीत, मिरपुडीची पुडी होती.

आत कुणीच नव्हतं. मोसमाच्या सुरुवातीलाच गाडी चालवताना त्याला शिंकांची उबळ आली. डोळे मिटले ते मिटलेच. सासूबाई तेव्हा हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात होत्या. "एवढ्यात धक्का बसला तर काही खरं नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं. घरी आल्या आल्या त्यांनी लेकाची चौकशी केली आणि सून बोलून गेली, "आत आहेत. हवा वाईट आहे ना." एक खोटं सावरायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. बिचारीच्या नाकी नऊ आले, तेही शब्दशः. ती आत जायची, त्याच्या ताटातले घास कसेबसे गिळायची, उशीत तोंड खुपसून रडायची, मिरपूड हुंगायची आणि शिंकायची.

एक गोष्ट मात्र तिला छळत होती. सकाळी घडी करून ठेवलेला त्याचा रुमाल ती चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीवरून परतेपर्यंत ओला झालेला असायचा. आधी नीट वाळलाच नसेल, अशी ती स्वतःची समजूत घालायची. किल्ली तर दिवसभर तिच्याच पर्समध्ये असायची.

त्या संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, हवेतले पराग सरले, आता खिडक्या उघडायला हरकत नाही.

"ऐकलंस?" सासूबाई म्हणाल्या. "मोसम संपला."

सून खुर्चीशेजारी खाली बसली. त्यांचं मनगट धरून, नाडीवर बोट ठेवून तिने एकदाचं सांगितलं, "आई, ते आत नाहीत. ते गेले."

नाडी जराही चुकली नाही.

"ठाऊक आहे मला. पहिल्याच दिवशी कळलं. आईला लेकाची शिंक कळत नाही होय? तू दोनदा शिंकून गप्प होतेस. तो सुरू झाला की घर डोक्यावर घ्यायचा."

"मग बोलला का नाहीत?"

"रडायला तुला एक खोली हवी होती. म्हटलं, असू दे."

तेव्हा सून त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पहिल्यांदाच मोठ्याने रडली. सासूबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. रडणं ओसरल्यावर तिने डोळे पुसले आणि पट्ट्या काढायला उठली.

"त्या राहू दे अजून," सासूबाई म्हणाल्या. "दुपारी तू दुकानात असतेस, तेव्हा अजून घर डोक्यावर घेतो तो."