देवीचा पाट

१९७६ साली मेंदूवर संशोधन करणाऱ्या संस्थेनं फेलोशिप देऊन मला बदनापूरजवळच्या खेड्यात पाठवलं होतं. फेफरं येणारी माणसं शोधून त्यांना औषध द्यायचं, हे काम. गोळ्यांनी तिथल्या शिवकन्या नावाच्या सुनेचं फेफरं थांबलं, म्हणून मी खुशीत तिच्या घरी गेले, तर ती शेण काढत होती. सासू म्हणाली, "पहिले हिच्या अंगात देवी यायची. पाटावर बसवून समदं गाव पाया पडायचं. आता देवी येतच न्हाई." सासू आत जाताच शिवकन्येनं गोळ्यांची बाटली माझ्या हातात ठेवली. "ह्या बंद केल्या तर देवी येईल का, बाई?" "अगं, एखाद्या दिवशी चुलीत पडशील!" "पडंन. पण मंग सासू शेणाला हात लावू देणार न्हाई." तेवढ्यात सासूनं बाहेर येऊन तोच पाट माझ्यापुढे मांडला. "बसा, डॉक्टरबाई. रिकामाच हाये." मी उभीच राहिले.