शिट्टीवरची गोळी

शिंप्याची आणखी एक गोळी टार्गेटच्या काठावर लागली, तेव्हा शेजारी पोटावर आडव्या झालेल्या न्हाव्याने मनातल्या मनात त्याला शिवी हासडली.

परदेश दौऱ्याच्या रायफल संघात एकच जागा उरली होती. बाकीच्यांचे कोट शिवून झाले होते. ते शिंप्यानेच शिवले होते. आता तो स्वतः जाणार की त्याच्या दुकानाला लागून असलेला न्हावी, एवढंच आजच्या सरावात ठरायचं होतं.

न्हाव्याला वाटत होतं, शिंप्याने जावं. दौऱ्याचे शेवटचे सामने ज्या शहरात होते, तिथेच शिंप्याचा मुलगा नोकरीला होता आणि मागच्या वर्षी अपघातात तिथेच गेला. फोनवरून कळलं. शिंपी तेव्हा तापाने फणफणलेला. त्याने ना तोंड पाहिलं, ना मूठभर माती टाकली. त्या जागेवर एकदा डोकं टेकून येऊ दे बिचाऱ्याला, असं अख्ख्या संघाचं मत होतं. शिंप्याला कोणी विचारलं नव्हतं. त्यात विचारायचं काय?

पण कप्तान पडला निवृत्त ड्रिलमास्तर. ज्याचे गुण जास्त, तो जाणार. स्वतःच्या जावयालाही त्याने असंच घरी बसवलं होतं, आणि तेव्हापासून लेक माहेराकडे फिरकली नव्हती.

त्या फोनपासून शिंप्याचे हात थरथरायचे. रोज संध्याकाळी न्हावी त्याला सुया ओवून द्यायला जायचा. मग कॅरमचा एखादा डाव व्हायचा.

“मुद्दाम हरतोस,” शिंपी म्हणायचा, “आणि वर तोंड असं करतोस, जशी सोंगटी तुझ्या बापाची.”

न्हावी कानावर हात ठेवायचा.

भिंतीवर मुलासाठी शिवलेला पांढरा सदरा अजून टांगलेला होता. कुणा गरजूच्या अंगाला लागेल, असं न्हाव्याने एकदा चाचरत सुचवलं. शिंप्याने मान वर न करता सांगितलं, “बटणं राहिलीत.”

एकच गोळी उरली. न्हावी दोन गुणांनी पुढे होता. रिवाज असा, की ही गोळी दोघांनी शिट्टीवर एकदम झाडायची.

न्हाव्याचा बेत ठरलेला होता. स्वतःची गोळी नुसती मातीत घालून भागणार नव्हतं. शिंप्याच्या हातांचा भरवसा कोण देणार? पण दुसऱ्याच्या टार्गेटवर मारलं की मारणाऱ्याला भोपळा, आणि एका टार्गेटवर दोन भोकं पडली की त्याच्या धन्याच्या पदरात त्यातलं चांगलं पडायचं. लोक म्हणतील, न्हाव्याची नजर गेली. दाढी करून घेताना गिऱ्हाइकं जरा बिचकतील. चालेल.

“नीट मार रे,” शिंपी पुटपुटला.

“तू तुझं बघ.”

शिट्टी वाजली. न्हाव्याने नळी केसभर डावीकडे, शिंप्याच्या टार्गेटवर नेली, श्वास रोखला आणि चाप ओढला. दोन्ही बार एकमेकांत मिसळून गेले.

पलीकडच्या खंदकातल्या माणसांनी दोन्ही टार्गेटं खाली ओढली, भोकांवर खुणेच्या चकत्या लावल्या आणि पुन्हा वर केली. शिंप्याच्या टार्गेटवरची चकती ऐन मध्यात होती. न्हाव्याचा जीव भांड्यात पडला.

मग सवयीने त्याने आपल्या टार्गेटकडे पाहिलं. तिथे काही असायचं कारणच नव्हतं.

तिथेही चकती ऐन मध्यात होती.

मैदानावर तिसरी बंदूक नव्हती.

कप्तानाने गुण मोजले आणि न्हाव्याकडे बोट केलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. न्हावी हळूच कुशीवर वळला.

शिंपी पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढत होता. त्याचे हात जराही हलत नव्हते. कागदात तो पांढरा सदरा होता. सगळी बटणं लावलेली, टाके ओळंब्यात.

“पत्ता आत ठेवलाय,” तो म्हणाला. “घरी नसला तर शेजारी विचार. आणि बाही तोकडी झाली असेल, तर माप घेऊन ये.”