घाटातली चाचणी

बसच्या टाकीचं झाकण उघडं होतं आणि बाबा हातात पाण्याचा कॅन घेऊन टाकीपाशी उभे होते. लेकीला पाहताच त्यांनी झाकण घाईघाईने फिरवलं.

"एवढ्या लवकर काय करताय?" तिने विचारलं.

"फिल्टर बघत होतो." ते बाजूला जाऊन थुंकले. "तुझ्या तेलाने जुना गाळ सुटतो म्हणालीस ना?"

फिल्टर इंजिनापाशी असतो, टाकीपाशी नव्हे. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं.

बस डेपोत त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. छत्तीस वर्षं डिझेलच्या इंजिनांत हात घातलेला माणूस. लेकीने शेडमध्ये तळणीच्या वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करायला घेतलं, तेव्हापासून त्यांच्या जिभेला हाड उरलं नव्हतं. हॉटेलं एरवी गटारात ओततात ते तेल ती डब्यांतून गोळा करी, गाळून तापवी, त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा मिसळी. खाली बसलेलं ग्लिसरीन वेगळं काढलं की वरचं इंधन तीनदा पाण्याने धुऊन कोरडं करायचं.

"इंजिन आहे ते, कढई नव्हे," बाबा म्हणत. "रस्ताभर तळणीचा वास सुटेल. माणसं ताटल्या घेऊन बसमागे धावतील!"

आज त्याचीच परीक्षा होती. काल संध्याकाळी परिवहन समितीच्या अध्यक्षबाईंनी स्वतः नळी धरून तिचं चाळीस लिटर इंधन बसच्या रिकाम्या टाकीत भरलं होतं. समितीला घेऊन बस घाट चढली, तर शहराच्या सगळ्या बसना तिच्या शेडचं इंधन. वाटेत बंद पडली, तर शेडला टाळं आणि तिच्या भरवशावर नोकऱ्या सोडून आलेल्या चौघीजणी घरी. दुसरी संधी मिळणार नाही, हे बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं.

तिला धास्ती होती ती थंडीची. थंडीत हे इंधन आळतं. तीन दिवसांपूर्वी खिडकीत ठेवलेल्या नमुन्याच्या बाटलीत सकाळी पांढरे धागे दिसले होते. तिने बाटली गुपचूप उचलली, पण बाबांची नजर आधीच गेली होती. ते चक्क काहीच बोलले नाहीत. त्यांच्या टोमण्यांपेक्षा तेच तिला जास्त लागलं होतं.

आणि आता हे. टाकीत तांब्याभर पाणी गेलं, तरी बस पहिल्याच चढावर आचके देणार.

"बाबा, खरं सांगा. त्या कॅनचं काय काम होतं?"

"तोंड खराब झालंय, चूळ भरली. झालं समाधान?" ते पुन्हा थुंकले. बसला खेटून ब्रेकडाऊन व्हॅन उभी होती. तिच्यात त्यांनी रबरी नळीचा एक तुकडा आणि दोन डबे टाकले. "मी ही घेऊन मागून येतो. बस अडकली तर ओढायला कोणीतरी हवं ना."

अध्यक्षबाई आल्या तेव्हा शब्द तिच्या अगदी ओठांवर आला होता. पण सांगायचं काय? माझ्याच बापाने घात केला म्हणून? त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. सांगावं तर त्यांची नोकरी जाते, न सांगावं तर चौघींच्या तोंडचा घास. इकडे आड तिकडे विहीर. ती मुकाट्याने बसमध्ये चढली.

घाट सुरू झाला. काचा बंद, बाहेर दाट धुकं. ड्रायव्हरने गिअर बदलला की ती कान देऊन इंजिनाचा आवाज ऐके. तिसऱ्या वळणावर बसला हिसका बसला.

"काय झालं?" अध्यक्षबाईंनी समोरचा दांडा घट्ट धरला.

"खड्डा होता, बाई," ड्रायव्हर म्हणाला.

तिने मागच्या काचेतून पाहिलं. व्हॅन मागेच होती. बाबा स्टिअरिंगवर पुढे वाकून बसले होते, काहीतरी व्हायची वाट बघत असल्यासारखे. लहानपणी तिला मांडीवर घेऊन, नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखायला याच माणसाने शिकवलं होतं. घरचाच भेदी निघावा! तिचे डोळे भरून आले.

पाचव्या वळणानंतर व्हॅन दिसेनाशी झाली. परत फिरले असतील, तिला वाटलं. स्वतःची करणी बघायची छाती नसेल.

शेवटचा चढ आला. तिने डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा बस माथ्यावर उभी होती आणि सगळे टाळ्या वाजवत होते.

अध्यक्षबाई उतरून थेट मागे गेल्या आणि धुराच्या नळीपाशी वाकल्या. "तळणीचा वास येतो म्हणून लोकांनी नुसतं घाबरवलं होतं मला. इथे तर काहीच नाही!"

"तीनदा धुतलंय, बाई," ती अभिमानाने म्हणाली.

"शाबास. सोमवारी या, करार करून टाकू."

तिला हसू फुटलं आणि पाठोपाठ शरमही वाटली. बापावर असा संशय घेतला! बाबा आले की आधी माफी मागायची, मग बाकीचं.

खालून घरघर ऐकू आली. व्हॅन धापा टाकत वर आली आणि तिच्यासमोर थांबली. बाबा उतरले. एवढ्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी बसकडे ढुंकूनही पाहिलं नाही. व्हॅनच्या बॉनेटवर हात ठेवून ते कधी त्या हाताकडे, कधी तिच्याकडे बघत राहिले.

"चढली गं," ते कसेबसे म्हणाले. "पोरी, खरंच चढली."

ती धावत त्यांच्याजवळ गेली आणि जागीच थबकली. व्हॅनच्या धुराला तळणीचा वास येत होता.